लोणारच्या खाऱ्या पाण्यात पक्षी खातात काय?

परवा लोणारच्या विवरात उतरलो, तर काठाच्या चिखलात शेकाटे चरत होते. लांब गुलाबी पाय, काळे पंख आणि सारखी टोचणारी बारीक चोच.

सोबतच्या मित्राने विचारलं, "या पाण्यात यांना मिळतं तरी काय?"

लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी. सामू 10 च्या आसपास नोंदला गेलाय, त्यामुळे मासे सहसा टिकत नाहीत. पण निळं-हिरवं शेवाळ मात्र जोमाने वाढतं. त्यावर बारीक जीव आणि कीटकांच्या अळ्या पोसतात. शेकाट्याची चोच त्यांच्याच मागावर असते.

उतरताना झाडंही बघा. उतारावर साग, सीताफळ, कडुनिंब. धार नावाच्या गोड्या झऱ्याजवळ गर्द हिरवाई, तर काठाच्या वाळलेल्या चिखलावर पांढरे क्षार. एवढ्याशा अंतरात इतका बदल मी दुसरीकडे पाहिलेला नाही! वेडी बाभूळ मात्र वेळच्या वेळी काढायलाच हवी, ती देशी झाडांची जागा खाते.

नोव्हेंबर 2020 मध्ये लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. हिवाळ्यात इथे चक्रवाकही येतात. दुर्बीण आणा, सकाळी लवकर उतरा, झऱ्यात साबण वापरू नका.

कुठला पक्षी ओळखता आला नाही, तर फोटो टाका. मिळून ओळखू.