ग्राफिक्स कार्ड : जाहिरातीतला वेग आणि गल्ल्यातला हिशेब

मोमिनपुरा, जाफरनगर किंवा कामठीत संगणक-खेळांचे पार्लर काढण्याचा विचार जे तरुण करीत असतील, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा येतो. दहा संगणक मांडायचे तर भांडवलाचा मोठा हिस्सा याच एका वस्तूत जातो. पैसा बहुधा कर्जे हसना म्हणून नातेवाइकांकडून आलेला असतो. तेव्हा कंपनी काय म्हणते आणि प्रत्यक्षात काय मिळते, हे समजून घेतलेले बरे.

2025 सालचे उदाहरण घ्या. जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी लास वेगास येथे आरटीएक्स 5070 हे कार्ड जाहीर केले. किंमत 549 डॉलर, आणि कामगिरी म्हणे 1,599 डॉलरला निघालेल्या 4090 इतकी! मार्चमध्ये कार्ड बाजारात आले, तपासणी झाली, आणि ते 4090 च्या बरेच मागे असल्याचे दिसले. मग दावा खोटा होता काय? अगदी तसेही नाही. कार्ड एक चित्र खरे काढते आणि मध्ये तीन चित्रे अंदाजाने भरते. आकडा चौपटीकडे जातो, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या चित्रांच्याच वेगाने येतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या गिऱ्हाइकाला अशा भरतीचा उपयोग नाही.

त्याच सुमारास प्रतिस्पर्धी एएमडीने आरएक्स 9070 एक्सटी 599 डॉलरला आणले. मेमरी 16 जीबी, तर 5070 मध्ये 12. साध्या चित्रणात हे कार्ड 749 डॉलरच्या 5070 टीआयच्या जवळ जाते. रे-ट्रेसिंगचे काम जड झाले की मागे पडते. मात्र जाहीर भावात ते फार थोड्यांना मिळाले. माल संपला आणि दुकानांत भाव चढला. आपल्याकडे त्यावर 18 टक्के जीएसटी असतो, ही गोष्ट डॉलरचा भाव वाचताना हमखास विसरली जाते.

पार्लरवाल्यांसाठी खरी लढत खालच्या वर्गात आहे. मे 2025 मध्ये 5060 आले, 299 डॉलर, 8 जीबी. बहुतेक तपासनिसांना त्याचे ड्रायव्हर विक्रीच्या दिवसापर्यंत मिळालेच नाही. जो विक्रेता माल पारखू देत नाही, त्याच्याकडून बर्डीच्या बाजारात आपण काही घेतो का? जूनमध्ये 9060 एक्सटी निघाले. 8 जीबी 299 डॉलरला, 16 जीबी 349 ला. दोन्हींचे नाव एकच, म्हणून बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. शिवाय 5060 मदरबोर्डाशी आठच मार्गिकांनी बोलते, 9060 एक्सटी सोळांनी. जुन्या मदरबोर्डावर हा फरक जाणवतो, विशेषतः खेळाला 8 जीबी अपुरी पडते तेव्हा.

आता वीज. 5060 ची मर्यादा 145 वॅट, 5070 ची 250. दहा कार्डे रोज दहा तास पूर्ण भाराने चालली तर दिवसाला साडेदहा युनिटचा, महिन्याला सुमारे 315 युनिटचा फरक पडतो, तोही व्यापारी दराने. नागपूरचा मे महिना आणि एसीचा खर्च वेगळाच.

कार्ड येण्याआधी दुकानदार इसार मागतात. भाव ठरलेला नाही, माल हातात नाही, आणि तरी सौदा. अशा व्यवहारातला 'गरर' आपल्या फिक्हमध्ये नापसंत का आहे, हे 9070 एक्सटीच्या चढलेल्या भावावरून कळावे. इसार द्यायचाच असेल तर मॉडेल, मेमरी, जीएसटीसह अंतिम भाव आणि पोचण्याची तारीख लेखी घ्यावी. तारीख टळल्यास रक्कम परत, हेही त्यातच लिहावे. अन्यथा कार्ड दुकानात येऊन तपासणीचे निकाल लागेपर्यंत महिनाभर थांबावे. तोवर जुन्या कार्डांवर व्हॅलोरंट व्यवस्थित चालते.