सरकारी कार्यालयाने ‘नाही’ म्हटले, तर पुढे काय?



आपल्या मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही तिघे-चौघे निवृत्त मंडळी बसतो. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेतून, कोणी वीज मंडळातून. पेन्शनचे कागद, हयातीचा दाखला, नॉमिनेशन अशी कामे घेऊन सभासद येतात आणि आम्ही जमेल तेवढी मदत करतो. आमच्यापैकी कोणीही वकील नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हा लेख लिहिण्याचे कारण आमच्या हातून झालेली एक चूक आहे. ती दुसऱ्या कोणाला भोवू नये, एवढीच इच्छा.

मंडळाच्या एक जुन्या सभासद, काकू, एका रविवारी दोन ओळींचे पत्र घेऊन आल्या. काका गेल्यानंतर घराच्या नामांतरणासाठी त्यांनी अर्ज केला होता. वारस दोघी, काकू आणि मुलगी. मुलगी अमेरिकेची नागरिक, तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे. पत्रात एवढेच होते की एक वारस परदेशी नागरिक असल्याने अर्ज अमान्य करण्यात येत आहे. आम्ही काकूंना धीर दिला, ‘होऊन जाईल’ म्हटले आणि त्यांच्या नावाने ऑनलाइन तक्रार टाकून दिली. मग एक स्मरणपत्र, मग दुसरे. चार महिन्यांनी उत्तर आले की हा तक्रारीचा विषय नाही, अपील करावे. तोवर अपिलाची मुदत केव्हाच संपली होती.

बँकेत पस्तीस वर्षे आम्ही लोकांना मुदत ठेवीच्या तारखा बजावून सांगत आलो. इथे मात्र आम्हीच तारीख पाहिली नाही.

तक्रार वेगळी, अपील वेगळे

हा फरक सर्वांत आधी समजून घ्या. काम होत नाही, अर्जाला उत्तर नाही, कर्मचारी दाद देत नाही, अशा वेळी तक्रार उपयोगी पडते. मध्य प्रदेशात १८१ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. पण अधिकाऱ्याने लेखी आदेश काढून ‘नाही’ म्हटले, तर तो आदेश तक्रारीने रद्द होत नाही. ज्या कायद्याखाली आदेश निघाला, त्याच कायद्यात बहुधा अपिलाची तरतूद असते. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही तिथेच लिहिलेले असते. तक्रार चालू आहे म्हणून अपिलाचे घड्याळ थांबत नाही. स्मरणपत्रे पाठवल्यानेही थांबत नाही.

ज्या सेवांना सरकारने दिवस ठरवून दिले आहेत, त्यांच्यासाठी आपल्या राज्यात २०१० चा लोकसेवा हमी कायदा आहे. अशा प्रकारचा देशातला हा पहिला कायदा. अर्ज लोकसेवा केंद्रात देऊन पावती घ्यावी. ठरलेल्या दिवसांत काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्या निर्णयानंतर ६० दिवसांत दुसरे अपील करता येते. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही सोय अधिसूचित सेवांपुरतीच आहे. आपली सेवा त्या यादीत आहे का, ते केंद्रात विचारावे.

आधी कागद हातात घ्या

तोंडी नकारावर अपील होत नाही. ‘होणार नाही’ असे खिडकीवर सांगितले, तर नम्रपणे पण ठामपणे ‘साहेब, लेखी द्या’ म्हणावे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. आदेश टपालाने आला तर पाकीट फेकू नये, कारण आदेश कधी हाती आला हे त्यावरच्या शिक्क्यावरून दाखवता येते. आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागावी. प्रत मिळायला गेलेले दिवस साधारणपणे मुदतीतून वगळले जातात, पण त्यासाठी प्रतीचा अर्ज वेळेत केलेला असावा लागतो.

मग आदेश वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. आपले म्हणणे ऐकून घेतले का? नकाराचे कारण दिले आहे का? ते कारण कोणत्या नियमात बसते? न ऐकता आणि कारण न देता घेतलेला निर्णय कोर्टात टिकणे अवघड असते. मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ साली सरकारने जमा करायला सांगितला आणि कारण देण्यास नकार दिला. १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा कारवाईची पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, माणसाला बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. तो निकाल मोठ्या घराण्यातल्या व्यक्तीचा होता, पण त्यातले तत्त्व काकूंच्या दोन ओळींच्या पत्रालाही लागू पडते.

फाइलमध्ये काय लिहिले आहे हे पाहायचे असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शेरे, टिपणे, पत्रव्यवहार यांच्या प्रती मागता येतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत पहिले अपील. त्यावरही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. इथेही तोच इशारा: माहितीची वाट पाहत मूळ आदेशाच्या अपिलाची मुदत घालवू नका. दोन्ही कामे बरोबरीने चालू ठेवा.

भाषेबद्दल एक शब्द. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठीतही. पण इथे व्यवहार हिंदीत चालतो, म्हणून काम लवकर व्हायचे असेल तर हिंदीतच लिहावे असा आमचा अनुभव. आजोबांच्या काळातले मराठी किंवा मोडीतले कागद असतील, तर त्यांचा हिंदी अनुवाद आधीच करवून ठेवावा.

वकील कोठे मिळेल?

काकूंना आम्ही जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जायला सुचवले, तेव्हा त्या नाराज झाल्या. ‘अहो, आपण काय फुकटचा वकील मागायला जायचं? काका असते तर त्यांना चाललं नसतं.’ हा संकोच आपल्या बहुतेक घरांत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोफत कायदेशीर मदत हे दान नाही. घटनेच्या ३९-क या अनुच्छेदाने ते सरकारचे कर्तव्य ठरवले आहे आणि १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याने तो हक्क दिला आहे. या कायद्याचे १२ वे कलम सांगते की स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि आपत्तीग्रस्त यांना ही मदत मिळू शकते. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. या गटांत न बसणाऱ्यांसाठी राज्य सरकारने ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा आहे. ज्येष्ठ नागरिकांना काही राज्यांच्या नियमांत जागा आहे, तेव्हा कार्यालयात जरूर विचारावे.

आणखी एक गोष्ट आम्हालाही ठाऊक नव्हती. ही मदत फक्त कोर्टातल्या खटल्यांसाठी नसते. न्यायाधिकरण आणि न्यायनिवाड्याचे काम करणारे इतर अधिकारी यांच्यापुढील प्रकरणेही त्यात येतात. म्हणजे महसुली अपिलालाही वकील मिळतो. नुसता सल्ला हवा असेल तर तोही मिळतो. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. साधा अर्ज, ओळखपत्र आणि प्रकरणाचे कागद घेऊन जावे. जाणे शक्य नसेल तर १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा.

स्वतःच्या खर्चाने वकील करायचा असेल, तर पहिल्याच भेटीत विचारावे: या प्रकारची प्रकरणे आपण चालवता का? अपिलाची शेवटची तारीख कोणती? एकूण फी किती आणि टप्पे कोणते? आदेशाची प्रत मला कधी मिळेल? फौजदारीत नावाजलेले वकील महसुली कामात नवखे असू शकतात, जसे सर्वच डॉक्टर डोळ्यांचे नसतात. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, मूळ कागद न देता प्रती द्याव्यात आणि दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. हे मागण्यात अविश्वास नाही. बँकेत आपण पावतीशिवाय काउंटर सोडतो का?

परदेशातली मुले आणि परदेशी सुना-जावई

आता आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी बाहेर आहे, म्हणून हा भाग महत्त्वाचा.

ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे तो कितीही वर्षे बाहेर राहिला तरी नागरिकच, म्हणून माहितीच्या अधिकारात तो अर्ज करू शकतो. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी तो भारताचा नागरिक राहत नाही, आणि माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकांनाच दिला आहे. अशा वेळी अर्ज इथल्या आई-वडिलांच्या नावाने करावा.

पण ‘परदेशी म्हणजे हक्क नाही’ हे खरे नाही. समानतेचा १४ वा आणि जीविताचा २१ वा अनुच्छेद ‘व्यक्ती’ला संरक्षण देतो, फक्त नागरिकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चंद्रिमा दास प्रकरणात एका बांगलादेशी महिलेला १० लाख रुपयांची भरपाई कायम केली, ती याच आधारावर. मात्र भारतात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क १९ व्या अनुच्छेदातला, तो नागरिकांचाच आहे, हेही त्याच न्यायालयाने १९९१ च्या लुई डी रेट प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून परदेशी सुनेच्या किंवा जावयाच्या व्हिसाची मुदत ही गोष्ट कधीही अंगावर काढू नये. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला असून १९४६ च्या कायद्यासह जुने चार कायदे रद्द झाले आहेत. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये.

विधिक सेवा कायद्याचे १२ वे कलमही ‘प्रत्येक व्यक्ती’ असेच म्हणते. ओसीआय कार्ड रद्द करण्यापूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात आली आहे. अशी नोटीस आली तर उत्तराची तारीख चुकवू नये.

मालमत्तेबाबत: ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मालमत्ता मिळू शकते. हिंदू वारसा कायद्यात परदेशी नागरिक झाला म्हणून वारस बाद होत नाही. काकूंच्या पत्रातले कारण इथेच लंगडे पडत होते.

मुलांना इथे येणे जमत नसेल तर मुखत्यारपत्र लागते. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करावे किंवा नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल घ्यावे. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. बँकेत असताना नेमक्या याच कारणाने परत गेलेली मुखत्यारपत्रे आम्ही कितीतरी पाहिली.

हायकोर्ट कधी?

‘सरळ इंदूर खंडपीठात रिट टाका’ असा सल्ला चहाच्या टपरीवरही मिळतो. अनुच्छेद २२६ खाली तो मार्ग आहे खरा. पण अपिलाची सोय असेल तर कोर्ट सहसा आधी तिकडे जायला सांगते. बाजू न ऐकता निर्णय झाला, अधिकाऱ्याला अधिकारच नव्हता, मूलभूत हक्कावर गदा आली किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल, तर अपवाद होऊ शकतो. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा असेल तर दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. फार तातडीचे असेल तर कोर्टाच्या परवानगीने ती सोडता येते. यातले काय लागू पडते, हे वकिलानेच ठरवावे.

काकूंचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. प्राधिकरणाने एक तरुण वकील बाई दिल्या. त्यांनी अपिलासोबत उशीर माफ करण्याचा अर्ज जोडला. आमची तक्रार आणि स्मरणपत्रे त्यात पुरावा म्हणून गेली: काकू गप्प बसल्या नव्हत्या, चुकीच्या दारी उभ्या होत्या. उशीर माफ झाला, प्रकरण फेरसुनावणीला परत गेले आणि मुलीचे मुखत्यारपत्र दाखल झाल्यावर दोघींची नावे लागली. या सगळ्यात आठ महिने गेले आणि त्यातले चार आमच्यामुळे. उशीर प्रत्येक वेळी माफ होतोच असे नाही, म्हणून याला नशीबच म्हणायचे. शिवाय नामांतरण म्हणजे मालकीचा निर्णय नव्हे, ती नोंद आहे, हेही वकील बाईंनी काकूंना समजावून सांगितले.

काकू पेढे घेऊन आल्या. आमच्यापैकी एकाने माफी मागितली, तर म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही रविवारी बसता हेच पुष्कळ. फक्त आता आधी तारीख बघत जा.’

तेव्हापासून आमच्या टेबलावर एक वही आहे. कोणीही सरकारी पत्र घेऊन आले की आधी त्यावरची तारीख त्या वहीत लिहितो, मग बाकीचे बोलणे. आपल्या घरीही अशी एक वही ठेवा. आणि पत्र आले असेल तर या रविवारी नक्की या.