आवडते ब्लॉग विसरताय? फीड रीडर वापरून बघा!

कधीतरी एखादा ब्लॉग तुम्हाला खूप आवडलेला असतो. कुणी आजीच्या पाककृती लिहीत असतं, कुणी गडकिल्ल्यांच्या भटकंतीबद्दल, तर कुणी परदेशात मुलांना मराठी शिकवतानाच्या गमतीजमती. तुम्ही दोन-चार लेख वाचता, 'पुन्हा निवांत वाचू' म्हणता आणि मग त्या ब्लॉगचं नावच आठवत नाही. झालंय ना असं?

यात तुमचा आळस नाही. ब्लॉग लिहिणारी मंडळी नोकरी, घर, मुलं सांभाळून लिहितात. कुणाचा लेख महिन्याने येतो, कुणाचा सहा महिन्यांनी. रोज जाऊन बघणार कोण? आणि फेसबुकवर कुठली पोस्ट आपल्यापुढे येईल, हे आपल्या हातात नसतं.

मी कोलकात्यात, न्यू टाउनमध्ये राहते. इथे दारात बंगाली आणि इंग्रजी पेपर सहज येतो, पण मराठी वाचायचं तर मोबाइलच उघडावा लागतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. आपल्यासारख्यांसाठी एक जुनी, साधी सोय आहे. तिचं नाव फीड रीडर.

फीड रीडर म्हणजे काय?

मासिकाची वर्गणी भरली की अंक पोस्टाने घरी येतो ना? हे तसंच आहे, फक्त बहुतेक ठिकाणी वर्गणी लागत नाही.

जवळपास प्रत्येक ब्लॉगच्या मागे एक 'फीड' असते. फीड म्हणजे नव्या लेखांची यादी: शीर्षक, तारीख, मजकूर आणि लिंक. या यादीचा आरएसएस नावाचा साचा 1999 मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाला आणि तो आजही चालतो. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल, तर नवा भाग तुमच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा याच आरएसएसमुळे पोहोचतो.

फीड रीडर हे अ‍ॅप तुम्ही निवडलेल्या ब्लॉगच्या याद्या थोड्या-थोड्या वेळाने तपासतं आणि नवीन काही आलं की तुमच्यापुढे ठेवतं. लेख तारखेच्या क्रमाने येतात. ब्लॉगवाल्याला तुमचा ईमेल किंवा फोन नंबरही द्यावा लागत नाही.

मग आपण हे विसरलो कसे?

मराठीत हे नवं नाही. 'मराठी ब्लॉग विश्व' या संकेतस्थळावर मराठी ब्लॉगची नोंद असायची आणि कुणी काय नवं लिहिलं, ते एकाच पानावर दिसायचं. 2005 मध्ये गूगल रीडर आला. त्यात वाचलेला लेख मित्रमैत्रिणींना तिथल्या तिथे दाखवता यायचा. ही सोय ऑक्टोबर 2011 मध्ये काढून टाकली गेली आणि 1 जुलै 2013 ला गूगल रीडरच बंद झाला. वाचकांनी निषेध केला, सह्या गोळा केल्या, पण उपयोग झाला नाही.

बरेच जण ईमेलने ब्लॉग वाचायचे. गूगलच्या फीडबर्नरची ती सोयही जुलै 2021 मध्ये थांबली. तेव्हापासून एखाद्या ब्लॉगचे ईमेल येईनासे झाले असतील, तर लेखकाने लिहिणं सोडलं असं समजू नका. एकदा जाऊन बघा.

सुरुवात कशी कराल?

1. रीडर निवडा. फीडली आणि इनोरीडर मोबाइल व संगणक दोन्हींवर चालतात आणि दोन्हींत मोफत खातं उघडता येतं. अँड्रॉइडवर 'फीडर' आणि आयफोनवर 'नेटन्यूजवायर' ही मोफत अ‍ॅप आहेत.

2. आवडत्या ब्लॉगचा पत्ता कॉपी करून रीडरच्या शोधपट्टीत टाका. बहुतेक वेळा रीडर फीड स्वतःच शोधतो. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल आणि फीड सापडली नाही, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' हा शब्द जोडून बघा.

3. कप्पे करा: स्वयंपाक, प्रवास, पुस्तकं, मुलांसाठी गोष्टी. आईबाबांच्या फोनवरही त्यांच्या आवडीचे चार-पाच ब्लॉग जोडून द्या.

4. अधूनमधून यादी 'एक्सपोर्ट' करा. ओपीएमएल नावाची छोटी फाइल मिळते. उद्या अ‍ॅप बंद पडलं, तरी ती फाइल दुसऱ्या रीडरमध्ये टाकली की सगळे ब्लॉग परत.

एक लक्षात ठेवा. काही ब्लॉग फीडमध्ये पहिल्या चार ओळीच देतात, पुढचं वाचायला ब्लॉगवर जावं लागतं. आणि फक्त फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिहिणाऱ्यांना असं सहज जोडता येत नाही.

शेअर करताना एवढं कराच

लेख आवडला की आपण काय करतो? पूर्ण मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकतो. दोन-तीन ग्रुप फिरेपर्यंत लेखकाचं नाव गळतं आणि खाली येतं, 'लेखक माहीत नाही, पण सुंदर लिहिलंय!' कधी तर तोच लेख एखाद्या मोठ्या साहित्यिकाच्या नावाने फिरतो.

ज्या बाईंनी रात्री सगळं आवरल्यावर बसून तो लेख लिहिला, त्यांना तो इतक्यांनी वाचला हे कळतही नाही. ब्लॉगवर वाचकसंख्या तेवढीच दिसते, प्रतिक्रिया येत नाही. अशाने लिहिण्याचा हुरूप किती दिवस टिकणार?

फीड रीडरमध्ये प्रत्येक लेखाजवळ शेअरचं बटण असतं. ते दाबलं की लिंक जाते. सोबत लेखकाचं नाव आणि तुम्हाला काय आवडलं, ते एका ओळीत लिहा. ग्रुपमधल्या काकूंना लिंक उघडायचा कंटाळा येत असेल, तर फोन करून सांगा, 'काकू, निळ्या अक्षरांवर बोट ठेवा.' एकदा जमलं की त्याच तुम्हाला लिंका पाठवायला लागतील!

आज रात्री फोन हातात घ्याल, तेव्हा एकच ब्लॉग आठवून शोधा. तो रीडरमध्ये जोडा. आणि लेख आवडला, तर खाली दोन ओळींची प्रतिक्रियाही लिहा. कोण जाणे, थांबलेला तो ब्लॉग तुमच्या दोन ओळींनी पुन्हा सुरू होईल!