दलदलीतलं विमान आणि त्याचे दावेदार

लष्करी विमान पडतं तेव्हा ते कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. माणसं वाचली का, एवढीच चौकशी होते. विमान खर्ची पडतं, कागदावर एक रेघ ओढली जाते. मालकी आठवते ती तीस-चाळीस वर्षांनी, भंगाराला भाव आला की. मग मात्र वारस म्हणवणारे चारी दिशांनी जमा होतात.

पापुआ न्यू गिनीतल्या एका बी-१७ बॉम्बफेकी विमानाच्या बाबतीत हेच झालं. बोइंगने बनवलेल्या या चार इंजिनांच्या धुडाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १०४ फूट. बी-१७ एकंदर साडेबारा हजारांवर बनली, पण सुरुवातीच्या ‘ई’ प्रकारातली फक्त ५१२. त्यातली आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच शिल्लक आहेत. आपलं विमान या ५१२ पैकी एक, क्रमांक ४१-२४४६.

जपानने जानेवारी १९४२ मध्ये रबाउल घेतलं. महिन्याभराने, २३ फेब्रुवारीला, तिथल्या बंदरातल्या जहाजांवर बॉम्ब टाकायला अमेरिकन विमानं ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलहून निघाली. फ्रेड ईटन या वैमानिकाचं विमान लक्ष्यावर पोचलं, पण पहिल्या फेरीत बॉम्ब सुटलेच नाहीत. तोफा सुरू असताना लक्ष्यावर दुसरी फेरी मारायची म्हणजे जिवावर उदार होणं. ईटनने ती मारली. एक तोफगोळा उजव्या पंखाला भोक पाडून आरपार गेला, फुटला मात्र नाही. पुढे जपानी लढाऊ विमानं बराच वेळ पाठीवर होती. त्या धावपळीत इंधन इतकं संपलं की ओवेन स्टॅनलीचे डोंगर ओलांडून पोर्ट मोर्सबी गाठणं अशक्य झालं. खाली हिरवंगार सपाट शेत दिसलं. ईटनला ते गव्हाचं वाटलं. चाकं आत ठेवून, पोटावर घसरत त्याने विमान अलगद उतरवलं. दारं उघडली तेव्हा कळलं की खाली शेत नाही, अगायाम्बोची दलदल आहे. पुरुषभर पाणी आणि त्यातून वर आलेलं धारदार कुनाई गवत.

नऊच्या नऊ जण जिवंत होते, कुणाला मोठी इजाही नव्हती. दलदलीतून बाहेर पडायलाच दोन दिवस लागले. नंतर गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला, वाट दाखवली. हिवतापाने कुडकुडत सगळे पाचेक आठवड्यांनी पोर्ट मोर्सबीला पोचले आणि पुन्हा युद्धावर गेले. या गावकऱ्यांची आठवण ठेवा, ते पुढच्या कज्ज्यात पुन्हा येतात.

विमान तिथेच राहिलं. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधल्या लोकांना ते दिसलं. मशीनगन जागच्या जागी, त्यात गोळ्या भरलेल्या. आत कॉफीचा थर्मासही सापडला. तीस वर्षं उघड्यावर पडलेलं यंत्र इतकं शाबूत कसं? आग लागली नव्हती, पाणी गोडं होतं आणि चिखलाने खालून आधार दिला होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा भुगा होतो, तसं इथे झालं नाही. शिवाय डास आणि मगरींचा पहारा कुठल्याही चौकीदारापेक्षा कडक. ‘स्वॉम्प घोस्ट’, म्हणजे दलदलीतलं भूत, हे नाव पडलं आणि पहारा ढिला झाला. फोटो जगभर गेले, हौशी लोक येऊ लागले, सुटे भाग एकेक करून गायब होऊ लागले. तीस वर्षांच्या दुर्लक्षाने जे राखलं, ते कौतुकाने सैल केलं.

आता मालकीकडे येऊ. अमेरिकी हवाई दलाने हात झटकले होते. त्यांच्या जुन्या नोंदी आगीत जळाल्या, म्हणून १९ नोव्हेंबर १९६१ पूर्वी पडलेली विमानं त्यांच्या लेखी सोडून दिलेली. पापुआ न्यू गिनीच्या कायद्याने युद्धातलं उरलंसुरलं सामान सरकारचं, आणि त्याची राखण राष्ट्रीय संग्रहालयाकडे. पण त्या देशातली सुमारे ९७ टक्के जमीन परंपरेने कुळांच्या मालकीची आहे. आपल्याकडे सातबारावर नाव असलेल्या शेतात कुणाचं विमान येऊन पडलं आणि सरकार म्हणालं, शेत तुमचं पण विमान आमचं, तर काय होईल, तेच तिथे झालं.

यात चौथा आला ॲल्फ्रेड हेगन, पेनसिल्व्हेनियातला बांधकाम व्यावसायिक. युद्धात न्यू गिनीत बेपत्ता झालेल्या बिल बेन या नातेवाईक वैमानिकाचा शोध घेता घेता तो या बेटाच्या नादी लागला होता. संग्रहालयाशी करार करून त्याने २००६ मध्ये माणसं दलदलीत उतरवली. इंजिनं सोडवली, पंख धडापासून वेगळे केले आणि एकेक तुकडा हेलिकॉप्टरने उचलून पाण्यावरच्या तराफ्यावर ठेवला. बोलायला सोपं, पण साठ-पासष्ट वर्षं चिखलात मुरलेला सांधा न मोडता सोडवायचा म्हणजे धीराचं काम.

विमान लाए बंदरापर्यंत आलं आणि अडकलं. गावकऱ्यांत फूट होती. मोबदला मिळाला म्हणून काही गप्प, तर पर्यटक आणणारी एकुलती एक वस्तू गेली म्हणून काही संतापलेले. संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी लावली. संग्रहालयाला हे विमान विकण्याचा अधिकारच नव्हता, असा तिचा निष्कर्ष. तरीही २०१० मध्ये विमान अमेरिकेला रवाना झालं. मधली जवळजवळ चार वर्षं ते बंदरात, खाऱ्या वाऱ्याच्या शेजारी. दलदलीने ज्यापासून वाचवलं होतं, कज्ज्याने त्याच्याच दारात नेऊन बसवलं.

हेगनने ते आणलं नसतं तर आज पंखांचे सांगाडेच उरले असते, हे मला पटतं. पण कराराच्या मेजावर ज्यांनी ईटनच्या माणसांना जगवलं त्यांची मुलंबाळं पहिल्या रांगेत बसायला हवी होती. ती शेवटच्या रांगेतही नीट नव्हती.

अमेरिकी आरमाराचा खाक्या हवाई दलाच्या उलट. आरमार आपलं बुडालेलं विमान कधीच सोडत नाही, यादीतून नाव काढलं तरी. डेव्हास्टेटर हे टॉर्पेडो टाकणारं विमान जेमतेम १३० बनलं. मिडवेच्या लढाईत उतरलेल्या ४१ पैकी बहुतेक पडली, आणि आज जगातल्या एकाही संग्रहालयात ते नाही. एक मायामीजवळ समुद्रतळाशी सापडलं. ते काढू पाहणाऱ्या कंपनीचा दावा अपील न्यायालयाने २००० मध्ये फेटाळला: मालक आरमारच. २००४ मध्ये तर एका मिनेसोटाकरावर आरमाराने खटला भरला. नॉर्थ कॅरोलिनातल्या दलदलीतून त्याने ब्रूस्टर कंपनीने बनवलेल्या कोर्सेअरचे अवशेष काढले होते. शेवटी संसदेने कायद्यात तरतूद करून ते त्याला देऊ केले. हक्क अबाधित राखायचा आणि वस्तू गंजू द्यायची, याला जतन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपल्याकडचा दाखला या भांडखोर गोष्टीत वेगळाच उठून दिसतो. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर विमानं मुद्दाम मोडतोड करून सोडली. अमेरिकेकडून उसनवार घेतलेली ती, पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली चाळीसेक उडती केली. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली आणि मग काही परदेशी संग्रहालयांना दिली. लंडनच्या आरएएफ संग्रहालयातलं लिबरेटर त्यांपैकीच. राखून ठेवण्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. वापरत राहिले म्हणून ती वाचली.

या धंद्यात आणखी एक गंमत आहे. विमानाची ओळख सांगणारी छोटी धातूची पट्टी, कारखान्याचा क्रमांक कोरलेली, ज्याच्याकडे असते त्याचं विमान. काही स्पिटफायर अशी उभी राहिली आहेत की पट्टी आणि मूठभर जुने भाग सोडले तर बाकी सगळं काल-परवा घडवलेलं. ती उडतात, देखणी दिसतात. पण कज्जा नेमका कशावरून चालतो, पट्टीवरून की त्या वेळच्या पत्र्यावरून, हे विचारलं की संग्राहक विषय बदलतात.

स्वॉम्प घोस्टच्या नशिबी ते आलं नाही. २०१३ मध्ये ते पर्ल हार्बरच्या विमान संग्रहालयाला मिळालं. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर काही काळ याच विमानाने हवाईहून गस्त घातली होती. फोर्ड बेटावरच्या ज्या हँगर ७९ मध्ये ते आहे, त्याच्या काचांवर त्या हल्ल्यातल्या गोळ्यांची भोकं आजही आहेत. विमानाला नवा रंग चढवलेला नाही. चिखलात काळवंडलेला पत्रा तसाच आहे, आणि त्यावरची लढाईतली भोकंही तशीच आहेत.