उपदेश विसरण्याचे शिक्षण

‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे आणि मानसोपचार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण नेमकी तेथेच असते. समोरची व्यक्ती बोलू लागली, की चार शहाणपणाच्या गोष्टी सांगण्याची त्याला घाई होते. वास्तविक ‘मन घट्ट कर’, ‘फार विचार करू नकोस’ हे सल्ले तिला घरीदारी फुकट मिळालेलेच असतात. ते पुरले असते, तर ती आलीच नसती.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पाथर्डी, जामखेडकडील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. अशा घरातील बाई ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणते. डोके जड होते, छातीत धडधडते, कशात जीव रमत नाही, असे ती सांगते. याच मातीत वाढलेल्या शिकाऊ उपचारकाला ही भाषा शिकवावी लागत नाही. धोकाही त्यातच असतो. ‘हे तर मला ठाऊकच आहे’ असे वाटले, की तो पुढचे विचारीत नाही आणि आपल्याच मामी-मावशीचे दुःख नकळत समोरच्या बाईवर लादतो. म्हणून अनुभवी मार्गदर्शकासमोर प्रत्येक भेटीची उजळणी करणे हा या शिक्षणाचा कणा आहे. आपण कोठे घाई केली, कोठे आपलाच राग बोलला, हे तेथे उघडे पडते.

अशा शिक्षणाला पदव्यांची शिडी अपरिहार्य असते का? डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. तो प्रकल्प मुख्यतः शारीरिक आरोग्याचा होता. पण मनाच्या बाबतीतही हे साधते, याचा पुरावा गोव्यातून मिळाला. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. कोणत्या कामाने जीव थोडा हलका होतो हे रुग्णासोबत शोधायचे आणि तेवढेच काम पुन्हा सुरू करायचे, अशी साधी पद्धत होती. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे समुपदेशकही एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून चुका दाखवीत असत.

अर्थात, याचा अर्थ कोणीही पाटी लावावी असा नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ म्हणवून घेण्यास मान्यताप्राप्त पात्रता लागते. आत्महत्येचे विचार, भास किंवा भ्रम आढळल्यास शिकाऊ उपचारकाने मार्गदर्शकाला तत्काळ कळवून व्यक्तीला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे असते.

राहिला गोपनीयतेचा मुद्दा. कायद्याने ती रुग्णाचा हक्क मानली आहे. पण बाईबरोबर सासू आत येऊन बसते, तेव्हा कायदा दाखवून भागत नाही. सासूबाईंचे म्हणणे आधी आदराने ऐकून, मग ‘आता थोडा वेळ यांच्याशी एकटीने बोलतो’ असे म्हणून त्यांना बाहेर बसण्याची विनंती करणे, हेही शिकावेच लागते.