आगाऊ अर्जाचे गणित

हार्वर्ड विद्यापीठात २०२३ साली ७,९२१ विद्यार्थ्यांनी १ नोव्हेंबरपूर्वी आगाऊ अर्ज केले. त्यांपैकी ६९२ निवडले गेले, म्हणजे शेकडा पावणेनऊ. मागाहून आलेल्या सुमारे ४६,००० अर्जांत हे प्रमाण शेकडा तीनही भरले नाही. तेव्हा घाई केली की संधी तिप्पट, असे पालक धरून चालतात. आम्हांस हा हिशेब पटत नाही. आगाऊ रांगेत प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले दाटीने उभी असतात. ती वगळता इतरांचा वाटा किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. हार्वर्डचे निदान बंधन तरी नाही. ब्राउन, कोलंबिया येथे आगाऊ निवड झाली की जाणे बांधील. मग दुसरीकडची शिष्यवृत्ती ताडून पाहावयाची सोय उरत नाही. बेताच्या ऐपतीच्या घराने सहीपूर्वी हे कलम दोनदा वाचावे.