समुद्रातली चुन्याची रेषा

घरात शहाबादी फरशी असेल, तर तिच्यावर लिंबू सांडल्याबद्दल तुम्ही कधीतरी बोलणी खाल्लीच असतील. ही फरशी चुनखडीची. आम्ल पडलं की विरघळते आणि डाग राहतो. समुद्राच्या तळाशी काहीसं असंच घडतं.

समुद्राच्या वरच्या थरांत फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगतात. आकार वाळूच्या कणाएवढा, पण अंगावर चुन्याचं कवच. ते मेले की कवचं तळाकडे पडत राहतात. मग सगळा तळ पांढरा असायला हवा ना? तसं नाही. तीन किलोमीटर खोलीवर पांढरट गाळ सापडतो, पण साधारण साडेचार-पाच किलोमीटरच्या खाली चुना जवळजवळ गायब! थंडी, प्रचंड दाब आणि मेलेले जीव कुजून पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड, हे तिघं मिळून कवचं विरघळवतात. या सीमेचं नाव 'कार्बोनेट कॉम्पेन्सेशन डेप्थ', थोडक्यात सीसीडी. हिमालयातल्या बर्फाच्या रेषेसारखीच ही. पाण्याखालच्या डोंगराचा माथा पांढरा, पायथा काळपट.

रेषेखाली काय उरतं? वरच्या पाण्यात जीव भरपूर असतील, तर रेडिओलेरिया आणि डायटम यांची सिलिकाची, काचेसारखी कवचं. तेही कमी असतील, तर फक्त वाऱ्याने आणलेली बारीक धूळ, म्हणजे लालसर तपकिरी चिकणमाती. ती हजार वर्षांत जेमतेम एखादा मिलिमीटर साचते. तिथले मँगनीजचे गोळे लाखो वर्षांत गाडले गेले नाहीत, त्याचं हे एक कारण. मध्य हिंद महासागरात अशा गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ तिथल्या गाळाचा अभ्यास करतात.

आता मुद्दा आपला. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र पितो. तो खोलवर मुरेल, तशी ही रेषा वर सरकणार. आज सुरक्षित असलेली कवचं मग विरघळू लागतील. लाखो वर्षांपूर्वी समुद्र किती गरम होता, हे याच कवचांवरून कळतं. म्हणजे हवामानाची जुनी वही आपणच पुसतोय, आणि तीही अजून पूर्ण वाचून झालेली नसताना.